आपल्याकडील बाजारपेठा व समुद्राची वाट

श्रीकृपेने व दात्यांच्या उदार हस्ते आपल्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम पुरे होत आले आहे. स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, असे समितीच्या मंडळींनी सांगितले. मी तहसील कचेरीतील साधा कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. तेव्हा पाहिले, ऐकले व वाचले तेवढेच लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

या लेखाला निमित्त एका बांगडीचे आहे. जुना चौथरा उकरताना मातीत शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. पोरे त्याच्याशी खेळत होती, त्यांच्याकडून मी तो मागून घेतला. शंख समुद्रातला, आणि आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग हा तुकडा येथे आला कोठून?

उत्तर शोधायला एका रविवारी लातूरहून एस. टी. ने मुरूड, ढोकी करीत तेरला गेलो. तेर हे धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण सारे तेथे माथा टेकून येतो, पण हेच गाव प्राचीन काळी ‘तगर’ नावाची मोठी पेठ होते, हे किती जणांना ठाऊक आहे? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात दक्षिणेतील पेठा म्हणून पैठण व तगर यांची नावे आहेत. पैठणहून तगर दहा दिवसांची वाट. तगरातून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. आणि समुद्रकाठचा मालही तगरात येई, असे तो लिहितो. ते तगर म्हणजेच तेर, हे 1901 साली फ्लीट या इंग्रज विद्वानाने दाखवून दिले. 1958 मध्ये तेथे उत्खननही झाले.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीची खेळणी वर येत. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. लोकांनी खापरे म्हणून टाकून दिलेले त्यांनी जपले. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला व आज त्यांच्या नावाचे संग्रहालय तेथे उभे आहे. आपल्या तुकड्यासारख्या शंखाच्या बांगड्या मी तेथे पाहिल्या आणि काही वेळ तेथून हललोच नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोकणात व कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. कोकणचे शिलाहार समुद्रकाठचे धनी, पण मिरवीत आमच्याकडच्या पेठेचे नाव! राष्ट्रकूटांनीही ‘लट्टलूर’ म्हणजे आपल्या लातूरचे नाव असेच मिरविले.

पुढे तगराचे वैभव गेले, तरी वाट चालूच राहिली. कोकणच्या मिठागरांतले मीठ लमाण लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटावर आणीत व परतताना धान्य नेत. हजार हजार बैलांचा तांडा असे. आज नांदेड व लातूर जिल्ह्यांतील तांड्यांवर राहणाऱ्या आपल्या बांधवांचे पूर्वज ते. मिठाशिवाय भाकरी गोड लागत नाही, पण ते आणणाऱ्याची आठवण कोण ठेवतो? आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. बार्शी लाईट रेल्वे 1897 साली सुरू झाली व 1911 मध्ये लातूरला पोचली. रूळ अवघे अडीच फुटांचे. आजोबा म्हणत, चढावर गाडी एवढी हळू होई की उतरून पाणी पिऊन पुन्हा बसता येई. (आजोबांचे बोलणे थोडे तिखटमीठ लावलेले असे.) त्याच गाडीने लातूरची तूर, करडई, शेंगा कुर्डुवाडीला व तेथून मोठ्या गाडीने मुंबई बंदराला जात. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचे देऊळ आहे. आजोबा बैलगाडीने आडतीला माल घालून आधी तेथे नारळ फोडीत, मग पट्टी घेत. तो नारळही समुद्रकाठचाच की!

आता थोडे आपल्या देवळाविषयी. चौथऱ्याची दोन ट्रॉली माती आपण पाणंदीच्या खड्ड्यांत टाकून मोकळे झालो. त्यात काय गेले ते गेले; मीही त्या दिवशी उभा होतो, मला कोणास दोष द्यायचा नाही. पण पिंपळामागे अजून एक ढीग शिल्लक आहे, व जुन्या देवळाचे चार कोरीव दगड गोठ्याच्या भिंतीशी पडले आहेत. गवंडी म्हणतो, पायात भरून टाकू. समितीस माझी विनंती आहे की ते दगड सभामंडपात उजव्या हाताला मांडावेत आणि ती माती चाळल्याशिवाय हलवू नये. चाळणी मी देतो. दोन रविवार मी स्वतः येईन, शाळेची पोरे बरोबर घेईन. बांगडीचा तुकडा सध्या पुजारीबुवांकडे हळदीच्या डबीत ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी काकड आरतीनंतर मागून घ्यावा.