अलमूतचे ग्रंथालय आणि ‘असॅसिन्स क्रीड’

मागच्या ईदला बहिणीकडे मुंबईला गेलो होतो. शीरखुर्मा झाल्यावर कॉलेजात शिकणारा भाचा मला हाताला धरून त्याच्या खोलीत घेऊन गेला. संगणकाच्या पडद्यावर नवव्या शतकातले बगदाद उभे होते. निळ्या घुमटांच्या इमारती, कालव्यातून जाणाऱ्या होड्या, बाजारातला गलबला आणि सगळीकडे अरबी बोलणे. मी खुर्ची ओढून बसलो. गच्च्यांवरून उड्या मारणाऱ्या नायकाकडे बोट दाखवत भाचा म्हणाला, “मामू, हे लोक हशिश घेऊन खून करायचे ना? म्हणून तर त्यांना असॅसिन म्हणतात. पण ते इस्माईली होते, आपले नव्हते.”

पहिल्या वाक्यात आठशे वर्षांची अफवा होती, दुसऱ्यात आपल्याच घरात शिकवलेला दुरावा. दोन्हींचे उत्तर देणे मला भाग होते.

‘असॅसिन्स क्रीड’ ही युबिसॉफ्ट कंपनीची खेळमालिका 2007 साली सुरू झाली. पहिल्या खेळाचा काळ 1191, म्हणजे तिसऱ्या क्रूसेडचा. दमास्कस, अक्का, जेरुसलेम ही शहरे आणि मस्याफचा किल्ला त्यात आहे. नायक अल्तैर. मालिकेची मूळ प्रेरणा व्लादिमीर बार्तोल या स्लोव्हेनियन लेखकाची 1938 ची ‘अलामूत’ ही कादंबरी. तिथून निघालेली मालिका इटली, अमेरिका, इजिप्त, ग्रीस असा प्रवास करत 2023 साली ‘मिराज’मधून पुन्हा मुस्लिम जगात, बगदादला आली.

ज्यांच्यावरून ‘असॅसिन’ हा शब्द आला ते निझारी इस्माईली. हसन सब्बाह याने 1090 साली इराणच्या डोंगरातला अलमूतचा किल्ला ताब्यात घेतला. समोर सेल्जुकांची बलाढ्य सत्ता होती आणि निझारींकडे मोठे सैन्य नव्हते. विखुरलेले डोंगरी किल्ले आणि निवडक राजकीय हत्या हे त्यांचे युद्धतंत्र झाले. सेल्जुक वजीर निझामुल्मुल्क 1092 मध्ये मारला गेला, तो याच लोकांच्या हातून, असे बहुतेक इतिहासकार मानतात. या हत्या नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळात हत्या हे सगळ्याच सत्तांचे हत्यार होते. नाव मात्र एकाच पंथाला चिकटले.

ते चिकटले कसे? नशा करून स्वर्गासारख्या बागेत नेले जाणारे तरुण ही गोष्ट जगभर पसरवली ती मार्को पोलोच्या पुस्तकाने. मार्को पोलो इराणातून गेला तेव्हा मंगोलांनी अलमूत घेऊन पंधराएक वर्षे झाली होती. म्हणजे त्याने ती बाग पाहणे शक्यच नव्हते. 1809 मध्ये सिल्वेस्त्र द सासी या फ्रेंच पंडिताने ‘असॅसिन’ शब्दाचे मूळ ‘हशीशी’त दाखवले आणि दंतकथेला विद्वत्तेचा शिक्का मिळाला. फरहाद दफ्तरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले की निझारी नशा करत होते याला समकालीन पुरावा नाही. ‘हशीशी’ ही शिवी होती. हलक्या, बहकलेल्या माणसाला देतात तशी.

आणि ती शिवी आधी युरोपने दिलेली नाही. बाराव्या शतकात इजिप्तच्या फातिमी दरबाराने आपल्यापासून फुटलेल्या निझारींविरुद्ध काढलेल्या पत्रात हा शब्द आहे. म्हणजे मुसलमानांनीच मुसलमानांना दिलेली शिवी क्रूसेडरांनी उचलली. आपल्याविषयी इतरांनी रचलेल्या खोट्या गोष्टींवर आपण चिडतो, ते योग्यच आहे. पण ही गोष्ट रचायला पहिला चुना-विटा आपणच पुरवला, हेही कबूल केले पाहिजे.

भाच्याला मी विचारले, “माझगावचं हसनाबाद पाहिलंयस?” त्याने मान हलवली, नाही म्हणून. अलमूतच्या इमामांचे वारस म्हणवणारे पहिले आगा खान 1840 च्या दशकात इराणमधून हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईत स्थायिक झाले. 1881 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर हसनाबादला आहे. त्याआधी 1866 साली मुंबई उच्च न्यायालयात खोजा समाजातला गाजलेला खटला चालला. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकालपत्रात थेट अलमूतपर्यंतचा इतिहास मांडला आणि आगा खान यांचा अधिकार मान्य केला. ज्यांना भाचा परके समजत होता त्यांचा इतिहास त्याच्या घरापासून बसच्या अंतरावर आहे.

आता मूळ प्रश्न. या मालिकेने काय जपावे आणि काय बदलावे?

पहिली जपण्यासारखी गोष्ट म्हणजे शत्रूची निवड. 2007 च्या खेळात अल्तैरच्या यादीत क्रूसेडरही आहेत आणि मुसलमान अधिकारीही. लढाई धर्माशी नाही, माणसांना ताब्यात ठेवू पाहणाऱ्या सत्तेशी आहे. 11 सप्टेंबरनंतर सहाच वर्षांनी, पडद्यावरचा अरब बहुधा दहशतवादी असण्याच्या काळात, एका अरबाला नायक करणे ही साधी गोष्ट नव्हती. दुसरी गोष्ट भाषेची. पहिल्या खेळातला अल्तैर अमेरिकी उच्चारात बोलायचा. ‘मिराज’ पूर्ण अरबीत खेळता येतो. ही वाट सोडू नये. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाबरोबर दिलेला माहितीकोश. ‘मिराज’मध्ये बगदादचे शासन, व्यापार, विज्ञान यांवर वाचता येते. बैतुल हिकमा आणि यंत्रांवर ग्रंथ लिहिणारे बनू मूसा बंधू भाच्याला माझ्याकडून कळले नाहीत, खेळातून कळले.

बदलण्यासारख्या गोष्टीही तीनच सांगतो. पहिली, ती बाग. मस्याफच्या किल्ल्यामागे पहिल्या खेळात बाग आहे, स्त्रिया आहेत. मनोऱ्यावरून मृत्यूची पर्वा न करता उडी घेणारे अनुयायी आहेत, तेही क्रूसेडरांच्या आख्यायिकेतूनच आलेले. कल्पनेला मोकळीक असावी, पण माहितीकोशात ‘ही दंतकथा आहे, ती अशी तयार झाली’ एवढे तरी लिहावे.

दुसरी गोष्ट श्रद्धेची. खेळातल्या पंथाचे ब्रीद बार्तोलच्या कादंबरीतून घेतलेले, जवळजवळ नास्तिक आहे. खरे निझारी नमाज, इमाम आणि कुराणाचा गूढार्थ यांवर वाद घालणारे श्रद्धावान लोक होते. अलमूतला मोठे ग्रंथालय होते. नसीरुद्दीन तूसी या महान खगोलज्ञाने आयुष्यातली बरीच वर्षे निझारींच्या आश्रयाला काढली आणि ‘अख्लाक-ए-नासिरी’ हा नीतिग्रंथ तिथेच लिहिला. 1256 मध्ये किल्ला पडला तेव्हा हुलागूच्या पदरी असलेला जुवैनी ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, काही निवडक पुस्तके आणि खगोलयंत्रे त्याने बाजूला काढली, बाकीचे जाळले. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘मिराज’मध्ये अलमूत दिसतो, पण हसन सब्बाहच्या सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. त्या ग्रंथालयाचा काळ त्यात येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इजिप्त, ग्रीस आणि व्हायकिंगांच्या खेळांसोबत कंपनीने ‘डिस्कव्हरी टूर’ दिली. तिथे शस्त्र नाही, खून नाही. शहरात फिरायचे आणि शिकायचे. बगदादला ती मिळाली नाही. खेळ आकाराने लहान होता, हे मान्य. पण परिणाम असा की पिरॅमिडकडे विद्यार्थी म्हणून जाता येते आणि बगदादला मात्र खंजीर घेऊनच जावे लागते. खलिफा मन्सूरने 762 मध्ये वसवलेले आणि 1258 मध्ये हुलागूने उद्ध्वस्त केलेले हे शहर आज कुठेही पाहता येत नाही. निदान पडद्यावर तरी ते निःशस्त्र पाहता यावे.

जेवणानंतर भाचा म्हणाला, “मामू, रविवारी हसनाबादला जाऊ या?” मी हो म्हटले. त्याच्या वर्गात एक खोजा मित्र आहे. त्यालाच सोबत येशील का म्हणून विचारायचे, असे आमचे ठरले. “आपले नव्हते” हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही.