शिक्का, मोर्तब आणि डिसोझा

‘शिक्कामोर्तब झालं’ असं आपण सहज म्हणतो. लग्नाची बोलणी असोत नाहीतर निवडणुकीचं तिकीट, कशावरही शिक्कामोर्तब होतं. पण शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर उमटायचा तो शिक्का. पत्र कुणाचं, हे तो सांगायचा. मजकूर संपला की तिथे उमटायचं ते मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी दिसणाऱ्या छोट्या मुद्रेवर दोनच शब्द आहेत: ‘मर्यादेयं विराजते’. ही इथे मर्यादा शोभते आहे.

मर्यादा कशाची? मजकुराची. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरं जोडत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. अशा कागदाच्या शेवटी कुणी तशाच वळणाची आणखी एक ओळ घुसडली, तर ती ओळखायची कशी? म्हणून शेवटी मुद्रा. तिच्याखाली जे काही लिहिलं असेल ते महाराजांचं नाही, एवढं त्यावरून कळायचं.

मी अलिबागला राहतो. पोटापाण्यासाठी डेटाबेसवर चालणारी सॉफ्टवेअर्स लिहितो आणि शनिवारी संध्याकाळी कॉलेजच्या काही मुलांना तेच शिकवतो. आजच्या एका जुनाट दुखण्याचं मूळ समजावून सांगायला मला या मोर्तबाइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. त्या दुखण्याचं नाव एसक्यूएल इंजेक्शन.

वर्गातल्या एका मुलानं नागावातल्या आत्याच्या होमस्टेसाठी बुकिंगची वेबसाइट बनवली होती. छान चालत होती. मग वसईच्या एका पाहुण्यानं नाव भरलं आणि साइट कोसळली. आडनाव डिसोझा. रोमन लिपीत हे आडनाव पुष्कळदा ‘डी’नंतर वर एक स्वल्पविराम देऊन लिहितात. मुलानं तोडगा काढला होता, फॉर्मवर सूचना टाकायची: ‘आडनावात चिन्हं वापरू नयेत.’ वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो पिढ्यान् पिढ्या राहतात. आपल्या साइटला वाचता येत नाही म्हणून त्यांनी आपलं नाव बदलायचं?

झालं काय होतं ते बघा. क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम: ‘पाहुण्यांच्या तक्त्यातून ती नोंद काढ, जिचं आडनाव अमुक आहे.’ एसक्यूएलमध्ये हे ‘अमुक’ एकेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. मुलानं अर्धा हुकूम लिहिला, त्याला फॉर्ममधलं आडनाव चिकटवलं आणि पुढे उरलेला हुकूम जोडला. डिसोझामधला वरचा स्वल्पविराम डेटाबेसच्या लेखी अवतरणचिन्हच. त्यामुळे आडनाव ‘डी’पाशीच संपलं आणि उरलेलं ‘सोझा’ हुकुमात जाऊन पडलं. ‘सोझा’ म्हणजे काय करायचं, हे डेटाबेसला कळेना.

हा पाहुणा सज्जन होता. दुसरा एखादा त्याच जागी अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘किंवा १ = १’ अशा अर्थाचं काही लिहील. एक बरोबर एक हे नेहमीच खरं, म्हणजे सगळ्या पाहुण्यांच्या नोंदी बाहेर. होमस्टेच्या त्या तक्त्यात लोकांचे फोन नंबर असतात, आधारकार्डांचे फोटो असतात.

‘ध चा मा’ आपल्याला माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ कागदात ‘धरावे’ होतं, ते ‘मारावे’ केलं गेलं, अशी कथा आहे. तिच्या खरेपणावर वाद आहे, म्हणून ती दंतकथा म्हणूनच घेऊ. पण एवढं एक अक्षर लोकांच्या तोंडी अडीचशे वर्षं टिकलं, कारण भीती खरी आहे. हुकूम आणि त्यात शिरलेलं परकं अक्षर एकाच शाईत असलं, तर अंमल करणाऱ्याला फरक कळत नाही.

इथेच मोर्तब आणि अवतरणचिन्ह यांतला भेद आहे. अवतरणचिन्हही मर्यादाच दाखवतं, पण ते शाईनंच काढलेलं असतं. कीबोर्ड हाती असलेला कुणीही ते काढू शकतो. मोर्तब लेखणीनं काढता येत नाही, त्याला मुद्रा लागते. मजकूर ज्या अक्षरांनी लिहिला जातो, त्यांच्या बाहेरची गोष्ट मर्यादा म्हणून वापरली होती.

डेटाबेसमध्ये अशी मुद्रा आहे. तिला पॅरामीटर म्हणतात. हुकूम लिहिताना आडनावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि आडनाव वेगळं पाठवायचं. हुकूम कुठे संपतो हे आधीच ठरलेलं असतं. मागून आलेल्या आडनावात काहीही असो, ते फक्त आडनावच राहतं. डिसोझा डिसोझाच राहतात.

मग अडलं कुठे? थोडा इतिहास पाहू. एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडली. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये तिच्यासाठी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही स्वतः प्रश्न विचारता यावेत, ही त्यामागची इच्छा. विचारणारा आणि लिहिणारा एकच, तेव्हा परकं अक्षर शिरायचा प्रश्न नव्हता. वेब आलं आणि अनोळखी लोकांचा मजकूर हुकुमात जाऊ लागला. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी हा धोका जाहीरपणे दाखवला. तरी २०१५ मध्ये टॉकटॉक या ब्रिटिश कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच मार्गानं गेली. पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला. सतरा वर्षं औषध माहीत असूनही रोग तसाच.

कारण आपण शिकतो कित्ता गिरवून. जुने कारकून मायने नकलून पत्र लिहायला शिकले, आजचे प्रोग्रामर डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण कॉपी करून शिकतात. कित्त्यातलं अक्षर वाकडं असेल, तर ते हजार वह्यांत वाकडंच उमटतं. २०१७ मध्ये काही संशोधकांनी लोकप्रिय ट्युटोरियलमधले सदोष तुकडे घेऊन गिटहबवरचे ६४ हजारांहून अधिक पीएचपी प्रकल्प धुंडाळले. त्या तुकड्यांशी साम्य असलेल्या ११७ त्रुटी त्यांना मिळाल्या. माझ्या वर्गातल्या मुलाचा कोडही असाच एका ट्युटोरियलमधून आलेला. उदाहरणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘प्रत्यक्ष वापरात सुरक्षिततेची काळजी घ्यावी.’ उदाहरण कॉपी झालं, सूचना तिथेच राहिली. त्याला रागवून काय उपयोग?

बरी डॉक्युमेंटेशनं आता प्रश्नचिन्हाची पद्धत दाखवतात. पण बहुतेकदा उदाहरण एकच असतं: आयडी बरोबर प्रश्नचिन्ह. खरं काम इतकं सरळ नसतं. होमस्टे शोधणारा माणूस कधी गाव भरतो, कधी भाडं, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. हुकुमाचा आकारच दर वेळी बदलतो. इथे कित्ता संपतो आणि मुलं पुन्हा तुकडे चिकटवायला लागतात.

म्हणून आता वर्गासाठी कित्ता मीच लिहितो. त्यात दोन याद्या आहेत. एकीत अटी, त्या फक्त माझ्या शब्दांत: ‘गाव = ?’, ‘भाडं <= ?’. दुसरीत पाहुण्यानं भरलेल्या किमती, त्याच क्रमानं. गाव भरलं तर पहिल्या यादीत एक अट आणि दुसरीत एक किंमत जाते. नाही भरलं तर दोन्हीकडे काही नाही. शेवटी अटी ‘आणि’नं जोडायच्या. पाहुण्याचं एकही अक्षर पहिल्या यादीत येत नाही. नागाव, किहीम, रेवदंडा अशी तीन गावं निवडली, तर तीन प्रश्नचिन्हं. एकही निवडलं नाही, तर ती अटच घालायची नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे क्रम लावणं. ‘भाड्यानुसार दाखवा’ यातलं भाडं ही किंमत नाही, ते तक्त्यातल्या रकान्याचं नाव आहे. तिथे प्रश्नचिन्ह चालत नाही. इथे मी मुलांना कान्होजी आंग्र्यांचं दस्तक आठवायला सांगतो. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतानं त्यांचं दस्तक बाळगावं, असा आंग्र्यांचा आग्रह होता. आता समजा, तांडेलानंच दस्तकातली वाक्यं लिहायला घेतली, तर ते दस्तक कसलं? त्यानं फक्त सांगायचं, लिहायचं आंग्र्यांच्या कारकुनानं. तसंच पाहुण्यानं ‘भाडं’ म्हटलं की आपण आपल्या ठरलेल्या यादीत पाहायचं आणि यादीतलं आपलंच नाव हुकुमात लिहायचं. यादीत नसेल तर नेहमीचा क्रम.

ही उणीव फक्त नवशिक्यांची नाही. वर्डप्रेसमध्ये किमती सुरक्षितपणे बसवणारी ‘प्रिपेअर’ ही सोय २००७ मध्ये आली. रकान्यांच्या आणि तक्त्यांच्या नावांसाठी तिच्यात वेगळी खूण यायला २०२३ उजाडलं. मधली सोळा वर्षं ज्याला त्याला आपली वाट काढावी लागली.

माझ्या कित्त्यात आणखी दोन पथ्यं आहेत. चुकीचं उदाहरण आधी दाखवायचं नाही, कारण घाईतला माणूस पहिलंच उचलतो. आणि नमुन्याचं आडनाव पाटील किंवा म्हात्रे ठेवायचं नाही, ठेवायचं डिसोझा, वरच्या स्वल्पविरामासकट. पाटलांच्या नावावर चुकीचा कोडही बिनबोभाट चालतो, डिसोझांच्या नावावर तो पहिल्याच दिवशी कोसळतो. परवा त्या मुलानं फॉर्मवरची सूचना काढून टाकली. आत्याच्या वहीत आता वसईच्या पाहुण्यांचं नाव ते लिहितात तसंच लागतं.