हैबत

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

आज एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द आहे 'हैबत'. हल्ली तो फारसा कानावर येत नाही. लहानपणी मी तो दोन घरांत ऐकला. आमच्या घरी आई दखनीत सांगायची, अल्लाची हैबत दिलात ठेव. आणि माझ्या मित्राच्या आजोबांचं नावच हैबती. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरातल्या शब्दाला ही माळ कुणी घातली, याचं मला मोठं नवल वाटे.

उत्तर आपल्या नगरच्या मातीतच आहे. १४९० साली अहमद निजामशहाने हे शहर वसवलं. दरबारी भाषा फारसी, रयत मराठी बोलणारी. या दोघींच्या शेजारातून शेकडो शब्द मराठीत आले. भीतीचेही आले. 'दहशत' आली, तिचीच मराठी वळणाची 'धास्ती' झाली. आणि हैबत आली.

पण या दोघी सारख्या नव्हेत. अरबीत दहशतीचा मूळ अर्थ भांबावणं, थक्क होणं. पुढे तिला भीतीचा रंग चढला. हैबतीत भीती आहे, पण आदरात भिजलेली. सूफींनी तर हैबत आणि 'उन्स', म्हणजे जवळीक, अशी जोडीच मानली. ईश्वराच्या थोरपणाने दबणं आणि त्याच्याच मायेने जवळ जाणं. दहशतीने माणूस पळतो, हैबतीने वाकतो.

इंग्रजीतल्या 'ऑ' या शब्दाची जातकुळी हीच. मूळ अर्थ धाक. पुढे ईश्वरापुढचा आदरयुक्त दरारा. त्याचीच लेकरं 'ऑफुल' आणि 'ऑसम'. आज एक वाईटाला वापरतात, दुसरं कॉलेजातली मुलं वडापावलाही लावतात!

मराठीने हैबत दोन्ही अंगांनी वापरली. बखरींत शत्रू 'हैबत खातो'. नगरच्या किल्ल्याला १५९५-९६ मध्ये मोगलांचा वेढा पडला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी स्वतः खिंडारावर उभी राहिली. तिची जी छाप पडली, तिला हैबत हाच शब्द शोभतो. दुसरीकडे आळंदीला जाऊन पाहा. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर. देवळाच्या महाद्वारातली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. अरबी नावाच्या पायरीवर माथा टेकून वारकरी आत जातो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आज वर्तमानपत्रात रोज दहशत भेटते, हैबत भेटत नाही. दहशतीची बातमी आली, की एखादी नजर माझ्या नावाकडे वळते. मी ती ओळखतो. तिच्यावर रागावत नाही. एवढंच सांगावंसं वाटतं, की ज्या वाटेने तो शब्द मराठीत आला, त्याच वाटेने हैबतही आली, आणि तिला इथल्या आयांनी आपल्या लेकरांचं नाव केलं.

हैबतीआजोबा आता नाहीत. त्यांच्या घरात ते नाव पुन्हा कुणी ठेवलेलं नाही. शब्द असाही जातो.