कॅप्टन ग्रोजची रात्रपाळी

साल 1784, लंडन. मध्यरात्र उलटलीय. सेंट जाइल्सच्या बोळात तुम्ही एका फरशीवर पाय ठेवता. ती डुगडुगते आणि खाली साचलेलं घाण पाणी थेट तुमच्या पांढऱ्या मोज्यांवर पिचकारतं. मागून कुणीतरी खो खो हसतं. "बो ट्रॅप!"

बो म्हणजे नटूनथटून फिरणारा छैला. त्याची फजिती करणाऱ्या सैल फरशीला या शहराने खास नाव देऊन टाकलंय.

हसणारे गृहस्थ चांगलेच स्थूल आहेत, बोळ त्यांनीच भरलाय. हे कॅप्टन फ्रान्सिस ग्रोज. सरे मिलिशियातले अधिकारी, जुने किल्ले आणि मठ यांची चित्रं काढणारे. सोबत त्यांचा सहायक टॉम कॉकिंग. सॅम्युअल जॉन्सनचा दोन खंडी कोश 1755 मध्ये आला, पण त्याची भिस्त छापील पुस्तकांवर. या बोळातली माणसं पुस्तकं लिहीत नाहीत. म्हणून त्यांचे शब्द टिपायला ग्रोज स्वतः इथे येतात.

गुत्त्यात शिरा त्यांच्या मागून. तुमच्यासमोर जिन येते. तिचं इथलं नाव 'स्ट्रिप मी नेकेड', म्हणजे नागवं करून सोडणारी. अंडं हवंय? मग 'कॅकलिंग फार्ट' मागा, कलकलाट करणारीचा पाद! दारात ताटकळणारा तो गणवेशातला हुजऱ्या 'फार्ट कॅचर', कारण त्याला सतत मालकाच्या पाठीमागून चालावं लागतं. आणि शाळामास्तर? 'फ्लेबॉटमिस्ट'. ढुंगण सोलून काढणारा. छडी खाल्लेल्या कुणा पोराने मोठेपणी उगवलेला सूड असावा, असा माझा आपला अंदाज.

कोपऱ्यातल्या बाईकडे बोट दाखवत कुणीतरी म्हणतं, 'हेम्पन विडो'. तुम्हीही हसायला तोंड उघडता. हेम्प म्हणजे दोराचा वाख. तिचा नवरा फासावर गेलाय. इथे फाशीच्या दिवसाला 'पॅडिंग्टन फेअर', पॅडिंग्टनची जत्रा म्हणतात, कारण टायबर्नचा वधस्तंभ त्याच बाजूला. खरं तर टायबर्नला शेवटची फाशी झाली ती गेल्या नोव्हेंबरात. आता दोर न्यूगेट तुरुंगाबाहेर लटकतो, पण जत्रा जिभेवरून हललेली नाही. ग्रोज हेही टिपून घेतील. त्यांची थट्टा मला आवडते, तरी एक खटकतंच: कॅप्टनसाहेब पहाटे उबदार बिछान्यात परततील, ती बाई इथेच राहील.

पुढच्या वर्षी हाय हॉबर्नचा प्रकाशक हूपर ग्रोज यांचा 'वल्गर टंग'चा, म्हणजे असभ्य बोलीचा, कोश बाजारात आणेल. अगदीच अर्वाच्य शब्दांची मधली अक्षरं त्यात गाळलेली असतील. प्रस्तावनेत ग्रोज आपले गुरू सांगतील: लांबच्या कूचवरचे सैनिक, जहाजावर नांगराचा दोर ओढणारे खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका.

तेवढ्यात एक म्हातारा खलाशी गोष्ट सुरू करतो. "मंगळवारी आम्ही बंदर सोडलं..."

"मंगळवारी? बुधवार असेल."

वाद होतो, मिटतो.

"बरं, बुधवारी. वारा पश्चिमेचा..."

"छे, नैर्ऋत्येचा!"

कॉकिंग तुम्हाला कोपराने ढोसतो. रटाळ गोष्ट सांगणाऱ्याला फालतू शंका काढून मूळ गोष्टीपर्यंत पोहोचूच न देणं, याला 'किटल पिचरिंग' म्हणतात. म्हातारा घसा खाकरतो, पुन्हा सुरुवात करतो. आता सगळे तुमच्याकडे पाहतायत. पाळी तुमची आहे. विचारा, जहाजाला डोलकाठ्या किती होत्या?