दुर्रीचा मान

इंदुरातील आमच्या जुन्या वस्तीत एक वाडा पाडण्यापूर्वीची आवराआवर चालली होती. त्या गडबडीत माळ्यावरून लाखकाम केलेली एक लाकडी पेटी खाली आली. आत गोल, रंगीत पाने होती. दशावतारी गंजिफा! मोजली तेव्हा ११७ भरली; म्हणजे तीन कमी. शोधाअंती ध्यानात आले, की दोन दुर्र्या आणि एक तिर्री गेली आहे. कोण्या एके काळी मुलींनी भातुकलीत ताटल्या म्हणून नेली असावीत. घरच्यांना त्याचे फारसे वाईट वाटले नाही. "राजे तर दहाच्या दहा शाबूत आहेत, त्यांच्या चौकटी करू. गेली ती दुर्री-तिर्रीच की!" असे यजमान म्हणाले. हा खेळ खेळता येणारे मात्र त्या घरात कोणी उरले नव्हते. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

गंजिफा हिंदुस्थानात मोगलांबरोबर रुळली. सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनला या खेळाची आवड होती, म्हणून १५२७ साली आपण त्याला पाने पाठविली, अशी नोंद बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त दिले आहे. पुढे आठ रंगांची, ९६ पानांची गंजिफा सर्वत्र पसरली आणि तिच्याच साच्यावर दहा अवतारांची, १२० पानांची दशावतारी गंजिफा उभी राहिली. महाराष्ट्रात तिचे माहेर सावंतवाडी. चिंचोक्याची खळ, खडू आणि लाख यांच्या पुटांनी पान कडक करायचे आणि मग कुंचल्याने रंगवायचे, अशी ती कला. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दस्सीपर्यंत दहा पाने असतात. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू मोजावयाचे.

खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची पहिली उतारी. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा. सर्वांवर मात करणारा असा वेगळा रंग या खेळात नाही. एखाद्या रंगातील जे पान त्या क्षणी सर्वांत वरचे उरले असेल, तेच त्या रंगाचे 'हुकूम'. राजा आणि प्रधान खेळून गेले, की त्यांच्या खालच्या पानाकडे ते बळ आपोआप चालत येते. म्हणजे पानाचे सामर्थ्य त्यावर रंगविलेले नसते. आधी काय काय खेळून गेले यावर ते थरावर थर चढत जाते, आणि तो हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का, त्याच्याच हाती ते लागते.

यात आणखी एक मेख आहे. दहांपैकी पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दस्सी, नव्वी, अठ्ठी असा उतरता क्रम असतो. उरलेल्या पाच रंगांत तो पालथा होतो: राजा, प्रधान, मग एक्का, दुर्री, तिर्री, आणि सर्वांत शेवटी दस्सी! युरोपातील ओंबर या जुन्या पत्त्यांच्या खेळातही काळ्या आणि लाल रंगांत अंकांचा क्रम असाच उलटसुलट होता.

हा पालथा क्रम कशासाठी? दुबळ्याला न्याय मिळावा म्हणून, असे उत्तर चटकन सुचते. आम्हांसही तेच सुचले होते. पण हिशेब केला तर ते टिकत नाही. क्रम सुलटा असो वा पालथा, प्रत्येक रंगात वरचे पान एकच आणि तळाचेही एकच. वाटपातील नशिबाचा वाटा त्याने तसूभरही बदलत नाही. बदलते ते खेळणाऱ्याचे काम. मोठा आकडा दिसला की हात आपला, अशी डोळ्यांची सवय येथे मोडावी लागते. प्रत्येक पान हाती घेताना 'हा रंग कोणता आणि येथील रीत कोणती?' हे स्वतःला विचारावे लागते. नशिबाने दिलेल्या पानांना स्मरणाने तोलावे, अशी या खेळाची योजना आहे.

आमच्या नातवंडांच्या नव्या पत्त्यांत हाच प्रश्न निराळ्या वाटेने सुटतो. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ निघाला. त्यात पाने विकत घेऊन साठवावयाची आणि आपली गड्डी आपणच बांधावयाची. प्रत्येक पानाला स्वतःचा गुण. एकाच्या गुणावर दुसऱ्याचा चढला, की निरुपद्रवी वाटणारी पाने मिळून अजिंक्य होतात. मग खेळ राहत नाही. म्हणून 'ब्लॅक लोटस'सारखे पान जुन्या पानांच्या स्पर्धेत गड्डीत एकच ठेवण्याचे बंधन आले, आणि इतर कित्येक स्पर्धांत तर त्याला मज्जावच आहे. येथे समतोल राखावयाला वरून कोणीतरी सतत लक्ष ठेवावे लागते. गंजिफेत पाने सर्वांची मिळून एकच. त्यामुळे तो भार खेळणाऱ्या तिघांवरच पडतो.

आपल्या ओसरीवरचे खेळही या बाबतीत अडाणी नव्हते. तीनशे चारमध्ये गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दस्सीचे १०, आणि राजाचे अवघे ३! राणीचे २ धरून एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. पाच-तीन-दोनमध्ये ज्याचे हात जास्त झाले तो पुढील डावात कमी पडलेल्याची पाने ओढतो. जिंकणाराच बलवान होत जावा, अशी ती रीत. पण पाच, तीन आणि दोन हातांचे ओझे डावागणिक फिरते, म्हणून कोणी कायमचा सावकार होत नाही.

छापील ५२ पानांचा स्वस्त कॅट आला आणि गंजिफा मागे पडली. सावंतवाडीस शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यात कारागीर बसवून ही कला वाचविली, हे त्यांचे मोठे ऋण. पण चित्र वाचले म्हणजे खेळ वाचला असे नव्हे. आपल्या घराण्यांपैकी कोणी मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आले, कोणी १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आल्यावर. येताना आणलेल्या वस्तू आपण जिवापाड जपल्या. त्या वापरण्याच्या रीती मात्र कोणी लिहून ठेवल्या नाहीत, कारण त्या घरात सर्वांना ठाऊकच होत्या.

त्या वाड्यात आम्ही तिघांनी पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापल्या, त्यांवर खुणा काढल्या आणि पाने वाटली. हरवलेल्या दुर्र्यांपैकी एक पालथ्या क्रमाच्या रंगातील निघाली. बाराव्या हाताच्या सुमारास त्या रंगातील राजा, प्रधान आणि एक्का खेळून गेले होते, हे आम्ही दोघे विसरलो. यजमानांच्या दहा वर्षांच्या नातीला ते आठवत होते. तिने पुठ्ठ्याची दुर्री टाकली आणि हात उचलला. राजांच्या चौकटी करावयाचे तूर्त लांबणीवर पडले आहे.