इंग्रजीतील संभावनार्थ : रूपांचा ऱ्हास आणि नियमांचा उदय

इंग्रजी व्याकरणात ज्यास ‘सब्जंक्टिव्ह मूड’ म्हणतात, त्या संभावनार्थाचा शुद्ध प्रयोग कोणता, हा प्रश्न सामान्यतः नियम पाठ करून सोडविला जातो. वस्तुतः हे नियम घडविले गेले ते संभावनार्थाची बहुतेक रूपे नष्ट झाल्यावर. हा क्रम ध्यानी न घेता शुद्धाशुद्धतेचा निर्णय करू गेल्यास तो फसण्याचा संभव असतो.

प्राचीन इंग्रजीत संभावनार्थास स्वतंत्र प्रत्यय होते. ‘गाणे’ या अर्थाच्या धातूचे तृतीय पुरुषी एकवचन स्वार्थात ‘सिंगेथ’, तर संभावनार्थात ‘सिंगे’ असे होई. अनेकवचनी हीच जोडी ‘सिंगाथ’ व ‘सिंगेन’ अशी होती. मध्यकालीन इंग्रजीत अन्त्य स्वर क्षीण होऊन लोपले. मिडलंड्सच्या बोलींत तर स्वार्थाचे अनेकवचनही ‘एन’प्रत्ययान्त झाले. परिणामी वर्तमानकाळी हा भेद मुख्यत्वे एकवचनात उरला आणि ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांनी संभावनार्थाचे बरेचसे कार्य आपल्याकडे घेतले.

अशा अवस्थेत अठराव्या शतकातील व्याकरणकार पुढे आले. रॉबर्ट लाउथ याने १७६२ मध्ये अट, शंका इत्यादी दर्शविणाऱ्या उभयान्वयी अव्ययांपुढे संभावनार्थ अपेक्षित मानला. लिंडली मरे याने १७९५ मध्ये अनिश्चितास संभावनार्थ व निश्चितास स्वार्थ अशी वाटणी शालेय व्याकरणात रूढ केली. उलट १९२६ मध्ये फाउलर याने काही प्रयोग वगळता संभावनार्थ मरणोन्मुख ठरविला.

तथापि तो मेला नाही. मागणी वा ठराव सांगणाऱ्या वाक्यांत विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, त्याने पुन्हा जोर धरला. ‘दे इन्सिस्ट दॅट ही इज प्रेझेंट’ म्हणजे तो हजर आहे असे प्रतिपादन. ‘इज’च्या जागी ‘बी’ येताच तो हजर असावा अशी मागणी होते. करारनाम्यात हा एका शब्दाचा फरक निर्णायक ठरू शकतो.

‘इफ आय वेअर’ची गोष्ट निराळी आहे. तेथे ‘वॉज’ योजिल्याने अर्थ सहसा बिघडत नाही. औपचारिक लेखनात ‘वेअर’ अधिक मान्य, एवढेच. मात्र ‘इफ’ दिसताच ‘वेअर’ लिहिणे हा नियमाचा अतिरेक होय. ‘काल तो घरी असला, तर त्याने पत्र वाचले असेल’ येथे गोष्ट घडलेली असू शकते. म्हणून इंग्रजीत ‘वॉज’च हवे. ‘आज तो घरी असता, तर त्याने पत्र वाचले असते’ येथे ती घडलेली नाही. म्हणून ‘वेअर’ शोभते. जो भेद इंग्रजीत केवळ ‘असणे’ या क्रियापदाच्या एका रूपापुरता उरला, तो मराठीने ‘असला’ आणि ‘असता’ या नित्याच्या रूपांत जपला आहे. मराठी विद्यार्थ्यास ‘इफ’ या अव्ययापेक्षा हीच कसोटी अधिक विश्वसनीय होय.