तळटीप : सदरचे मैदान
* नागपूरचा पहिला कसोटी सामना १९६९ साली झाला ते, विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे. भोवतालच्या वस्तीतल्या पोरांना खेळायला जागा देणे हे मात्र महापालिकेचे काम. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत क्रीडांगणे आहेत. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने ती कलम ६६च्या ऐच्छिक कामांत टाकली. पाणी, गटारे कलम ६३खाली बंधनकारक. हा भेद अन्यायाचा आहे : पैसा आटला की आधी मैदान मागे पडते. खरा आधार १९६६च्या नगररचना अधिनियमाचा. विकास आराखड्यात मैदानासाठी जागा राखता येते. पण दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर जमीनमालक कलम १२७खाली नोटीस देतो आणि तिच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षणच संपते. — संपा.